रेकॉर्ड आहे की, मग बँड कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर हा प्रश्न मला सारखाच विचारला जातो. मंडळाच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत कुणीतरी विचारतं. परवा पुण्याहून आलेल्या भाच्याने तर उलटतपासणीच घेतली. "आत्या, शंभर वर्षांपूर्वीच्या जॅझच्या रेकॉर्डी यूट्यूबवर फुकट पडल्यात, मूळ लोकांनी वाजवलेल्या. मग तीच गाणी तशीच्या तशी वाजवणारा बँड ऐकायला तू पैसे मोजून न्यूयॉर्कला का जातेस?"

हा बँड म्हणजे व्हिन्स जॉर्डानो आणि त्यांचे नाइटहॉक्स. अकरा वादक, १९७६ पासूनचा बँड, आणि वाजवतात ते १९२० आणि ३० च्या दशकांतलं जॅझ आणि स्विंग. माझं उत्तर एवढंच की रेकॉर्डवर ते संगीत पूर्ण नाहीच. जेवढं त्या वेळच्या यंत्रात मावलं तेवढं आहे.

एप्रिल १९२३ मध्ये काय झालं ते बघा. कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरचा क्रिओल जॅझ बँड (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखंच वाद्य) शिकागोहून इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी रेकॉर्डिंगला गेला. जेनेट ही कंपनी मुळात एका पियानो कारखान्याची, आणि स्टुडिओ रुळांना लागून. गाडी आली की काम थांबायचं. मायक्रोफोन नव्हताच. वादकांच्या पुढ्यात एक मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पडदा आणि सुई, आणि सुईखाली मेणाची जाड तबकडी. आवाजाच्या जोरावरच सुईने चर कोरायचा. त्यामुळे कुणाचा आवाज मोठा आणि कुणाचा लहान, हे ठरायचं फक्त कर्ण्यापासून कोण किती लांब उभं आहे त्यावर. एकवीस वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट इतका खणखणीत की त्याला बाकीच्यांपासून पार मागे उभं केलं होतं. पियानोवर असलेल्या लिल हार्डिनने, म्हणजे त्याच्या पुढे झालेल्या बायकोने, ही आठवण नंतर सांगितली. ड्रमर बेबी डॉड्सची गत त्याहून वाईट. ड्रमचा मोठा दणका बसला तर सुई उडायची, म्हणून शिकागोत रोज रात्री नाचणाऱ्यांचं अख्खं सभागृह हलवणारा हा माणूस त्या रेकॉर्डींवर बहुतेक लाकडी ठोकळे टकटकवताना ऐकू येतो. पुढच्या पिढ्यांना वाटलं, तेव्हाचे ड्रमर असेच वाजवत असणार.

१९२५ मध्ये विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं आणि आवाज सुधारला, पण तीन-सव्वातीन मिनिटांची बेडी तशीच राहिली. हे आपल्याला तरी वेगळं सांगायला नको. बालगंधर्वांची पदं वन्समोअर घेत घेत कशी रंगायची याच्या कथा ऐकत आपण मोठे झालो, आणि हातात आल्या त्या तीन मिनिटांत आटोपलेल्या तबकड्या. (आम्ही राहतो त्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावातच, मेन्लो पार्कला, १८७७ मध्ये फोनोग्राफ, म्हणजे आवाज साठवणारं पहिलं यंत्र, जन्मला. त्यामुळे त्याच्याविषयी फार वाईट बोलायचीही चोरी.)

जॉर्डानोंना मी पहिल्यांदा ऐकलं ते टाइम्स स्क्वेअरजवळच्या हॉटेल एडिसनच्या तळघरात. तिथे सोफियाज नावाचं रेस्टॉरंट होतं आणि सोमवारी-मंगळवारी हा बँड बसायचा. २०१३ मध्ये ते बंद झालं. ठेंगणं छत, टेबलं एकमेकांना खेटून, समोर चार जोडपी नाचतील न नाचतील एवढी मोकळी जागा. जॉर्डानो सगळ्यांच्या मागे उभे. एका हाताला ट्यूबा, दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा डबल बेस, आणि पुढ्यात बेस सॅक्सोफोन, जवळपास त्यांच्याच उंचीचं धूड. एकाच गाण्यात ते या वाद्यावरून त्या वाद्यावर जातात आणि मध्येच गातातही. बेस सॅक्सोफोन हे वाद्य त्या काळी एड्रियन रोलिनीने गाजवलं, मग ते जवळजवळ गायबच झालं. जुन्या रेकॉर्डवर तो आवाज म्हणजे लांब कुणीतरी घसा खाकरतंय असं वाटतं. त्या तळघरात मात्र तो खुर्चीच्या पायांतून वर येत होता. बाकीचा बँड त्यावरच उभा असतो हे मला तेव्हा कळलं. बँजोचंही तसंच. रेकॉर्डवर किरकिर वाटणारा बँजो खोलीत अकरा जणांना ठोक्यावर बांधून ठेवतो.

हे सगळं नुसत्या हौसेने होत नाही. लहानपणी आजीच्या घरी किल्लीच्या ग्रामोफोनवर ऐकलेल्या रेकॉर्डींनी जॉर्डानोंना नादाला लावलं, आणि पोरवयातच ते बिल चॅलिस यांच्याकडे शिकायला गेले. चॅलिस म्हणजे जीन गोल्डकेट आणि पॉल व्हाइटमन यांच्या बँडांसाठी संगीतरचना लिहिणारा माणूस. म्हणजे विद्या थेट मूळ घराण्यातून आली. जुने वादक आणि प्रकाशक यांच्याकडून जमवत जमवत जॉर्डानोंकडे आज साठ हजारांहून जास्त अ‍ॅरेंजमेंट्स आहेत, प्रत्येक वाद्याचे सुटे कागद असलेल्या. जिथे कागद मिळत नाही तिथे रेकॉर्डला कान लावून एकेक वाद्य उतरवून काढतात. टीव्ही मालिका, सिनेमे, ग्रॅमी वगैरेही झालं, पण मला त्यांचं खरं काम हे कागदांचंच वाटतं.

आता यातला अडचणीचा प्रश्न. जॅझ म्हणजे उत्स्फूर्त वाजवणं, मग दुसऱ्याचा सोलो, म्हणजे एकट्याने वाजवलेला भाग, सुरासुरासकट वाजवणं ही नक्कल नाही का? मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण बिक्स बायडरबेकने 'सिंगिंग द ब्लूज'मध्ये कॉर्नेटवर वाजवलेला सोलो घ्या. रेकॉर्डिंग फेब्रुवारी १९२७ चं. चारच वर्षांनी फ्लेचर हेंडरसनच्या बँडने तेच गाणं रेकॉर्ड केलं, तेव्हा रेक्स स्टुअर्टने बिक्सचा सोलो मुद्दाम तसाच्या तसा वाजवला. बिक्स त्याच वर्षी, १९३१ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. एका मोठ्या वादकाला दुसऱ्याची जागा जशीच्या तशी घ्यावीशी वाटली, त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे उस्तादाची एखादी जागा शिष्य घेतो तेव्हा आपण 'वा' म्हणतोच की. मला खटकतं ते उलट टोक, जुन्या रेकॉर्डीखाली यंत्राचा ढबढब ठोका घालून केलेलं इलेक्ट्रो स्विंग. ते माझ्याने ऐकवत नाही. आणखी एक गोष्ट खटकते. हे संगीत ज्यांनी घडवलं, न्यूयॉर्कमधल्या ज्यांच्या हार्लेम वस्तीत सॅव्हॉय बॉलरूम हे नाचघर १९२६ ते १९५८ गाजलं, ते कृष्णवर्णीय लोक मी गेलेल्या कार्यक्रमांत श्रोत्यांत फार थोडे दिसतात.

भाच्याने शेवटी विचारलंच, "पण आपला काय संबंध?" त्याला मी 'अलबेला' सिनेमा लावून दिला. १९५१ चा, भगवानदादांचा. संगीत पुणतांब्याच्या चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्र यांचं, आणि त्यांच्या सोबतीला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळचे गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. मुंबईच्या ताजमध्ये १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड आला. त्या वातावरणात घडलेले गोव्याचे वादक, गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले, पुढे सिनेमाच्या स्टुडिओत गेले. 'शोला जो भडके' ऐकताना आपण चाल गुणगुणतो. मागे ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं, काय करतंय तिकडे लक्ष जात नाही.

भाचा ट्रम्पेट वाजवतो, कॉलेजच्या बँडमध्ये. त्याला म्हटलं, ते ब्रासचे भाग कान लावून उतरव बघू. दोन दिवस हेडफोन लावून बसला आणि पहिल्या आठ ओळी कागदावर आल्या. दोन जागी आमचं अजून भांडण चालू आहे, त्याच्या मते तिथे क्लॅरिनेट आहे आणि माझ्या मते सॅक्सोफोन. तुमच्या ओळखीत कुणी ट्रॉम्बोन वाजवणारं असेल तर कळवा, तालमीला आमचं बेसमेंट रिकामंच आहे.