तुम्ही विचारलंत म्हणून : जुना राक्षस नव्या भागात का बदलतो?

"पहिल्या भागातला तो राक्षस किती छान होता! दुसऱ्या भागात त्याचं काय करून ठेवलंत?"

फॅन्टसी रोलप्लेइंग गेमसाठी राक्षस, पिशाचं आणि दैत्य घडवणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मला सतत येतो. बहुधा रागाच्या सुरात येतो. तो राग मला मनापासून आवडतो, कारण रागावणारा माणूस त्या राक्षसाला ओळखत असतो. राक्षसाच्या हातून तो स्वतः कितीदा तरी मेलेला असतो, मग कधीतरी त्याची खोड सापडलेली असते, आणि शेवटी त्याला लोळवलेलं असतं. अशा शत्रूवर माणसाचा हक्क तयार होतो. म्हणून "आता ग्राफिक्स सुधारले ना" एवढं सांगून मला सुटका करून घ्यायची नाही. केवळ ग्राफिक्स सुधारले म्हणून बदललेले राक्षस बहुतेक वेळा बिघडतातच, असं माझं स्पष्ट मत आहे.

खेळाडूच्या जागी उभं राहून बघा. धुक्यात, झाडाआड, पाठमोरा, अर्धा सेकंद एक काळा आकार दिसतो आणि तेवढ्यात ठरवायचं असतं: पळायचं, ढाल उचलायची, बाण लावायचा की जवळ जाऊन घाव घालायचा? हात किती लांब आहेत त्यावरून त्याची पोच कळते. पायांच्या ठेवणीवरून वेग कळतो. मान कुठे आहे, पोट उघडं आहे का, पाठीवर कवच आहे का, यावरून घाव कुठे बसेल ते कळतं. लढाईचे नियम राक्षसाच्या अंगावरच लिहिलेले असतात आणि मुरलेला खेळाडू ते नकळत वाचतो. सिक्वेलमध्ये नियम बदलले आणि अंग तसंच ठेवलं, तर ते अंग खेळाडूशी खोटं बोलू लागतं. नियम तेच असतील तर मात्र अंगाला हात लावायचं काही कारण नाही. राक्षस बदलायचा की नाही, हे मी याच एका कसोटीवर ठरवते.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण झेल्डा या गेममालिकेतलं. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' २०१७ साली आला आणि त्याचाच पुढचा भाग, 'टिअर्स ऑफ द किंग्डम', २०२३ साली. प्रदेश तोच, टोळ्या करून राहणारे बोकोब्लिन नावाचे राक्षसही तेच. पण पुढच्या भागाच्या कथेत जगभरातली शस्त्रं गंजून निकामी होतात, आणि नायकाला नवी शक्ती मिळते: हातातल्या शस्त्राला वाटेल ती वस्तू जोडायची. दगड जोडा, फांदी जोडा किंवा मारलेल्या राक्षसाचं शिंग जोडा. मग राक्षसांची शिंगं ठळक झाली, शत्रूच्या रंगागणिक निराळी झाली आणि त्यांची ताकदही कमीजास्त झाली. पहिल्या भागात लांबून टोळी दिसली की आपण शत्रू मोजायचो. दुसऱ्या भागात आपण शिंगं बघतो आणि मनात हिशेब चालू होतो, कुणाचं शिंग आपल्या तलवारीला हवं. डोक्यावरचा एवढासा बदल, पण त्याने शत्रूकडे पाहायची नजरच बदलली. असा बदल पाहिला की मला आनंद होतो. तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आता आमच्याकडचं सांगते. पहिल्या भागात आमचा एक दलदलीतला राक्षस होता. टीममध्ये त्याला सगळे लांबहात्या म्हणायचे. त्या गेमचा कॅमेरा उंचावरून, तिरका. वरून पाहणाऱ्याला काय दिसतं? डोकं, खांदे, पाठ. म्हणून त्याचे खांदे अवाढव्य केले होते, पाठीवर शेवाळलेलं कुबड दिलं होतं, आणि हात इतके लांब की ते चिखलात मागे ओढत न्यावे लागायचे. ही लांबी वरून स्पष्ट दिसायची. चेहऱ्यावर मात्र आम्ही फारसा वेळ घातला नव्हता, पडद्यावर तो ठिपक्याएवढाच दिसणार होता. आणखी एक गोष्ट खेळाडूंना सहसा माहीत नसते: त्याच्या आतला सांगाडा माणसाचा होता. सांगाडा म्हणजे ज्यावर सगळ्या हालचाली बसवतात ती हाडांची रचना, आमच्या भाषेत रिग. गेममधले सैनिक आणि दरोडेखोर ज्या रिगवर चालायचे, त्याच रिगवर हाही चालायचा. राक्षसाचं चित्र काढणं हा त्यातला स्वस्त भाग असतो. चालणं, वळणं, मार खाणं, अडखळणं, पडणं, मरणं, यातली प्रत्येक हालचाल नव्या रिगसाठी नव्याने करावी लागते, आणि खरा वेळ तिथे जातो. म्हणून लांबहात्या दिसायला राक्षस होता, पण चालायला माणूस.

दुसऱ्या भागात कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आला, आणि त्या दिवसापासून लांबहात्याचं सगळं अंग चुकीचं ठरलं.

हे जरा सविस्तर सांगते, कारण लोकांचा राग इथेच असतो. कॅमेरा खाली आला की उंच शत्रूजवळ उभं राहिल्यावर त्याचं डोकं पडद्याबाहेर जातं. समोर दिसतं ते पोट आणि गुडघे. पूर्वीचा लांबहात्या फटका मारण्याआधी डोकं खाली घालायचा, ती त्याची खूण होती. आता ती खूण जिथे होते तिथे खेळाडूची नजरच पोचत नाही. त्यात दुसऱ्या भागात नायकाला उडी मारून फटका चुकवता येऊ लागला. चुकवता येतो म्हटल्यावर फटका येतोय हे वेळेत दिसायला हवं. डोळ्याला दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, तोही नुसता प्रतिसाद द्यायला. उजवीकडे की डावीकडे हे ठरवायचं असेल तर आणखी वेळ हवा. तेवढा वेळ राक्षसाच्या शरीरातच शोधावा लागतो. जड ओझं उचलणारा माणूस आधी गुडघ्यात वाकतो आणि मगच उचलतो. त्या वाकण्यावरून पाहणाऱ्याला ओझ्याचा अंदाज येतो. राक्षसाच्या फटक्याआधीही असंच वाकणं लागतं.

तर लांबहात्या वाकला. तो चार पायांवर आला, मुठी जमिनीला टेकवून चालू लागला. डोकं दोन खांद्यांच्या मध्ये, नायकाच्या छातीच्या उंचीवर आलं, म्हणजे बरोबर जिथे खेळाडू बघत असतो तिथे. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग दंडापेक्षा लांब केला. त्यामुळे फटका मारायला हात मागे घेतला की कोपर पाठीच्याही वर निघतं. हे पुढून, मागून, बाजूने, कुठूनही दिसतं. दिवा मागे असेल तर नुसत्या काळ्या आकृतीतही दिसतं. ही कोपराची युक्ती आमच्या ॲनिमेटरची. माझ्या चित्रात ती नव्हती, पण तिच्याभोवती मी पुढचं सगळं शरीर पुन्हा काढलं. "हल्ली सगळेच राक्षस प्राण्यासारखे करायची फॅशन आहे" असं अनेकांनी म्हटलं. फॅशनचा त्यात संबंध नव्हता. कॅमेरा खाली आला म्हणून तो खाली आला.

कुबड मात्र मी हट्टाने ठेवलं. आता वरून दिसत नाही तर काढून टाकू, त्रिकोणांची (राक्षसाचं अंग ज्या छोट्या त्रिकोणांनी बनतं, त्यांची) बचत होईल, असं सुचवलं गेलं होतं. पण जुन्या खेळाडूच्या मनात लांबहात्या म्हणजे कुबडच. म्हणून कुबडाला काम दिलं: तो पाण्याखाली जाण्याआधी ते फुगतं, आणि फुगलेलं असताना त्यावर बाण लागला तर तो बुडू शकत नाही. नुसती शोभा होती तिथे नियम आला. आवाजही तोच ठेवला, तो चिखलातून येणारा घोगरा श्वास. रूप कितीही पालटलं तरी आवाजाने ओळख टिकते, हे डायब्लो या गेममालिकेतल्या बुचर, म्हणजे खाटीक, या राक्षसावरून कळतं. १९९६ च्या पहिल्या गेममध्ये तो एका बंद खोलीत थांबलेला असतो. दार आपण उघडतो, म्हणजे पाऊल आपलं असतं. २०२३ च्या चौथ्या भागात तो कुठल्याही तळघरात ध्यानीमनी नसताना येऊन कोसळतो. चेहरामोहरा बदलला, गाठ पडायची रीत तर पार उलटली, पण तो सुरा आणि ताज्या मांसाची ती आरोळी तीच आहे. जुन्या खेळाडूच्या पोटात खड्डा पडायला तेवढं पुरतं.

आता ज्या बदलावरून सर्वांत जास्त भांडणं झाली, त्याबद्दल माझं मत. 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' २००९ चा आणि त्याचा दुसरा भाग २०११ चा. दुसऱ्या भागात डार्कस्पॉन या राक्षससेनेचं रूप बदललं, आणि त्याच वेळी कुनारी या लोकांना शिंगं आली. पहिल्या भागातला स्टेन हा कुनारी साथीदार बिनशिंगांचा होता. दोन्ही बदल एकाच गेममधले, पण मी त्यांना एकाच मापाने मोजत नाही.

कुनारींचा बदल मला पूर्ण पटतो, आणि त्याचं कारण पहिल्या भागातच आहे. तिथे डार्कस्पॉनची उत्पत्ती सांगितलेली आहे: माणसांपासून हर्लॉक, बुटक्यांपासून जेनलॉक, एल्फांपासून श्रीक आणि कुनारींपासून ओगर. आणि पहिल्या भागातल्या ओगरला शिंगं होती! म्हणजे शिंगं त्या वंशातच होती म्हणायची, दुसऱ्या भागाने ती फक्त उजेडात आणली. पुढे बिनशिंगांचे कुनारी दुर्मिळ आणि खास मानले जातात असं स्पष्टीकरण आलं, त्यामुळे स्टेनही खोटा ठरला नाही, उलट त्याचं वजन वाढलं. शिवाय पहिल्या भागात कुनारी म्हणजे उंच माणसं एवढंच वाटायचं. शिंगांमुळे रस्त्यावरच्या गर्दीतही ते लांबून ओळखू येतात, आणि दुसऱ्या भागाच्या कथेत शहरात तळ देऊन बसलेले कुनारी इतके महत्त्वाचे आहेत की ती ओळख लागतेच.

डार्कस्पॉनचं तसं नाही. तिथे हर्लॉक फिकट, कवटीसारख्या चेहऱ्याचा आणि जास्त नीटनेटका झाला. स्वतंत्र चित्र म्हणून पाहिलं तर वाईट नाही. पण पहिल्या भागात त्यांच्या अंगावर रोग दिसायचा. जमीन नासवणारी, रक्तातून पसरणारी ती कीड त्यांच्या कातडीवर होती. कथेत ती कीड तशीच राहिली आणि कातडीवरून मात्र पुसली गेली. नियम तोच आणि अंग निराळं. म्हणून तो बदल मला आजही खटकतो, आणि ज्यांना खटकला त्यांच्या बाजूने मी बोलते.

काही राक्षस तर बदलूच नयेत. 'ड्रॅगन क्वेस्ट'मधला स्लाइम १९८६ साली आला. गेमचे रचनाकार युजी होरीई यांनी कच्च्या चित्रात चिखलाच्या गोळ्यासारखं काहीतरी काढलं होतं, चित्रकार अकिरा तोरियामा यांनी त्याचा हसरा थेंब केला. तो गेम अवघ्या ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला, तेव्हा एकच आकृती रंग पालटून पुन्हा वापरणं भागच होतं. पण रंगाबरोबर स्वभावही पालटला. धातूच्या रंगाचा स्लाइम घाव सहज लागू देत नाही, संधी मिळताच पळतो, आणि मारलाच तर घसघशीत अनुभव, म्हणजे नायकाची ताकद वाढवणारे गुण, देतो. आकार म्हणतो, हा स्लाइम आहे. रंग म्हणतो, नियम वेगळा आहे. यात सुधारण्यासारखं मला आजही काही दिसत नाही.

सिक्वेल नव्हे पण नवी आवृत्ती म्हणून एक नाव घ्यायलाच हवं, 'फायनल फॅन्टसी सात'मधलं हेल हाउस. १९९७ मध्ये ते वाटेत अचानक भेटणारं चालतं घर होतं, विचित्र आणि विसरण्याजोगं. २०२० च्या रीमेकमध्ये त्याच घराची आखाड्यातली मोठी लढाई झाली, आणि कुठली जादू त्याला लागेल हे खिडक्यांतल्या प्रकाशाच्या रंगावरून कळतं. घराला खिडक्या असतातच. त्यांनाच बोलतं केलं, वेगळं काही चिकटवावं लागलं नाही.

"जुनं रूप पर्याय म्हणून ठेवता येणार नाही का?" असंही विचारलं जातं. कपड्यांचं ठेवता येतं. शरीराचं नाही. जुन्या लांबहात्याचं कातडं नव्या रिगवर चढवलं तर कोपर पाठीच्या वर निघणार नाही, फटका दिसणार नाही, आणि खेळाडू उगाच मरेल.

त्याऐवजी आम्ही पहिली गाठ जपून रचतो. दुसऱ्या भागात लांबहात्या पहिल्यांदा भेटतो तो एकटा, मोकळ्या जागी, दिवसाउजेडी, आणि मागे पळायला वाट असते. आधी श्वास ऐकू येतो, मग कुबड दिसतं. पहिला फटका तो जुनाच मारतो, आडवा आणि संथ, जुना खेळाडू जो सवयीने चुकवतो आणि नवा खेळाडूही पाहून चुकवू शकतो. त्यानंतर तो मुठी टेकतो, कोपर वर काढतो आणि नवा फटका मारतो. या पहिल्या भेटीत त्या फटक्याने कुणी मरणार नाही, इतकीच त्याची ताकद ठेवलेली आहे.