वर्धनगडाच्या पलीकडचं गवत

साताऱ्याहून दहिवडीकडे निघालं की कोरेगावपर्यंत ऊस आणि आलं सोबत करतात. वर्धनगडाचा घाट ओलांडला की रंग उतरायला लागतो. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. दहिवडीच्या माण तालुक्यात पाचशे झाला तर वर्ष बरं गेलं म्हणायचं.

पुसेगावात चहा घेतला आणि दहिवडीच्या अलीकडच्या एका फाट्यावर गाडी आत वळवली. मित्राचे चुलते, तात्या, वाट बघत होते. जाण्याचं कारण जरा लाजिरवाणं. आमच्या गावात आम्ही वर्गणी काढून, पोकलेन लावून ओढ्याचं खोलीकरण केलं. नारळ फोडला, फोटो काढले. दोन पावसाळ्यांत ओढा गाळानं भरून होता तसा. तात्यांना फोनवर सांगितलं तर हसले. "वरचा डोंगर बोडकाच ठेवला न्हवं? मग माती दुसरीकडं कुठं जाईल?"

ऑक्टोबरचं ऊन चढायच्या आत त्यांच्या गावाचा डोंगर चढलो. दोन फूट रुंद, एक फूट खोल सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले. काठ्यांचा ए-फ्रेम करून, मध्ये ओळंबा सोडून पातळी काढलेली. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ चा पहिला वॉटर कप, पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची स्पर्धा, जिंकला, तेव्हापासून ही भाषा इकडं पोराटोरांना पाठ. पण चर निम्मे बुजलेले दिसले. मी म्हटलं, "तात्या, गाळ काढायला हवा यातला."

"कशाला? चर म्हंजे बाळंतिणीची खोली. गवतानं पाय रोवले की काम झालं तिचं."

मग त्यांनी खुरपं काढलं. पवन्या आणि मारवेल या गवतांच्या गचपणात एक ठोंब बाजूला सारून जमीन उकरली. माती रव्यासारखी भुसभुशीत, आत गांडूळ. पलीकडे शेजारच्या गावाच्या हद्दीत तेच खुरपं मारलं तर खण्णकन वाजलं. डोंगर एकच, मुरूम एकच. गवत असलं की थेंबाचा मार पात्यावर बसतो, मातीवर नाही. आणि मुळं कुजून गेलेल्या वाटांनी पाणी खाली मुरतं. बोडक्या जमिनीवर मातीचे बारीक कण भोकं बुजवतात, पापुद्रा धरतो आणि पाणी माती घेऊन पळतं. आमच्या ओढ्यात आलेला गाळ हाच.

हे गवत कोणी फारसं पेरलेलं नाही, फक्त चरू दिलं नाही. आणि तिथंच खरी गोष्ट आहे. माण हा मेंढरांचा मुलूख. चराईबंदी म्हटल्यावर धनगरवाड्यावर भांडणं झाली, वर्षभर बोलणं बंद. शेवटी डोंगराचे वाटे पाडले: काही बंद, एक आळीपाळीनं मोकळा, आणि बंद भागातलं गवत कापून न्यायची मुभा, त्यात पहिला हक्क मेंढरंवाल्यांचा. ही तडजोड ठरवायला चर खोदण्यापेक्षा जास्त दिवस लागले म्हणे. आम्ही पोकलेनचं भाडं दोन दिवसांत ठरवलं होतं.

खाली ओघळीच्या तोंडाशी दगडी बांधाला लागून वाळ्याची रांग. वाळ्याची मुळं सरळ दोन-तीन मीटर खाली जातात, शेजारच्या पिकात घुसत नाहीत, आणि दाट बुंध्यात गाळ अडकून तिथं आपोआप पायरी तयार होते. ओढ्याकाठी निर्गुडी आणि करंज. गावातलं सांडपाणीही दगडगोट्यांच्या वाफ्यात सोडलेलं, वर कर्दळ. मुळांवरचे जिवाणू घाण खातात, एवढं तात्यांच्या नातीनं मला वहीसारखं म्हणून दाखवलं. वास थोडा येतो, खोटं कशाला बोलू.

दुपारी बाजरीची भाकरी, घेवड्याची आमटी. निघताना तात्यांनी वाळ्याचे पंधरा-वीस ठोंब ओल्या गोणपाटात बांधून गाडीला लावून दिले.

"आत्ता बांधाला लावू नगा, पाव्हणं. विहिरीच्या कडंला जगवा, पुढच्या जूनात फोडून न्या. आन् आधी तुमच्याकडल्या शेळीवाल्यांना च्याला बोलवा."

घाट चढताना गोणपाटातून पाणी ठिबकत होतं, मागच्या मोटारसायकलवाल्यानं दोनदा हॉर्न देऊन खुणावलं.