दुसरा पासपोर्ट? मोठ्या बॅगेत आहे की!

बोर्डिंग गेटवर पासपोर्ट मागितला की रांगेतलं कुणीतरी वैतागतंच. "अहो किती वेळा बघणार? आत्ता तर सिक्युरिटीला दाखवला!" मी हसते आणि हात पुढं करते, कारण खरं उत्तर देत बसले तर रांग तिथंच अडकेल. खरं उत्तर असं आहे की सिक्युरिटीवाल्याला तुमच्या व्हिसाशी काही देणंघेणं नसतं, तो नाव बघतो, फोटो बघतो आणि बॅगेत काय आहे ते बघतो. ऑनलाइन चेक-इन केलं असेल तर तुमचा पासपोर्ट आतापर्यंत कुणी हातातसुद्धा घेतलेला नसतो, नंबर तुम्हीच टाईप केलेला असतो. आणि मी काम करते तिथं देशाबाहेर जाताना इमिग्रेशनचा काउंटरच नाही, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा सगळीकडं हेच आहे, येताना कडक आणि जाताना कुणीच विचारत नाही. म्हणजे देश सोडण्याआधी पासपोर्ट नीट उघडून बघणारं शेवटचं माणूस मी, आणि मी काही सरकारी ऑफिसर नाही, एअरलाइनची नोकर आहे.

शिवाय आतल्या बाजूला बोर्डिंग पास बदलाबदली करणारे लोक असतात. एकाकडं चांगला व्हिसा, तो चेक-इन करतो, आत गेल्यावर पास दुसऱ्याच्या हातात देतो. गेटवर चेहरा, पासपोर्ट आणि पास हे तिन्ही एकत्र बघितले नाहीत तर ते कधीच सापडणार नाही. आणि चुकीचा माणूस तिकडं उतरला तर त्याला परत आणायचं काम एअरलाइनचं, वर दंड आहेच, ब्रिटनमध्ये माणशी २००० पौंडांपर्यंत. अशा परत पाठवलेल्या माणसाला आम्ही इनॅड म्हणतो. ज्याच्या हातून इनॅड गेला त्याला ऑफिसात बोलावणं येतंच.

तर मुद्द्यावर येते. ऑस्ट्रेलियाची फ्लाइट होती, मोठं विमान, फुल्ल. बोर्डिंग बरंचसं झालं होतं, सुटायला पाऊण तास असेल. एक पन्नाशीच्या बाई आल्या, नीटनेटक्या, हातात फक्त लॅपटॉपची बॅग, मोबाईलवर बोर्डिंग पास. डोमेस्टिक फ्लाइटनं आल्या होत्या, दोन फ्लाइट्समध्ये वेळ कमी होता म्हणून जवळजवळ धावतच पोचलेल्या. पास रीडरवर धरला तर लाल. लाल म्हणजे घाबरायचं कारण नसतं, ऑनलाइन चेक-इनवाल्यांचा असा लाल येतोच, कागद कुणीतरी डोळ्यांनी बघा एवढाच त्याचा अर्थ. मी म्हटलं मॅडम पासपोर्ट द्या, त्यांनी दिला, मी स्वाइप केला.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली त्या दोन ओळी असतात ना, अक्षरं, आकडे आणि मधे मधे बाणासारखी चिन्हं, प्रत्येक ओळीत ४४. मशीन तेच वाचतं. त्यातले काही आकडे फक्त पडताळणीसाठी असतात, नंबर, जन्मतारीख, मुदत यांना ७, ३, १ असं क्रमानं गुणून, बेरीज करून, दहानं भागून जी बाकी उरते ती तिथं छापलेली असते, त्यामुळं कुणी नुसता एक आकडा खोडून बदलला तरी मशीन ओरडतं. इथं मशीन अजिबात ओरडलं नाही. सगळं बरोबर वाचलं. फक्त स्क्रीनवर आलं की बुकिंगमध्ये जो पासपोर्ट नंबर आहे तो हा नाही.

आता एक-दोन आकडे इकडचे तिकडं झाले असते तर मी म्हटलं असतं टायपिंगची गडबड. हा नंबर पूर्णच वेगळा होता. नाव तेच, जन्मतारीख तीच, नंबर वेगळा आणि मुदतीची तारीखही वेगळी. अशा वेळी डोक्यात पहिल्यांदा वाईटच विचार येतो, खोटं कशाला सांगू. मी पासपोर्ट हातात घेऊन पानं चाळायला लागले, शिवण बघितली, फोटोवरचं प्लॅस्टिक नखानं चाचपलं, दिव्याखाली तिरकं धरलं. मग चेहरा. चेहरा बघताना केस, चष्मा, जाडी हे सगळं सोडून द्यायचं असतं, ते बदलतं, कानाची ठेवण बघायची, नाक आणि वरचा ओठ यातलं अंतर बघायचं. चेहरा त्यांचाच होता, शंभर टक्के. पुस्तिका अस्सल. मुदत संपायला अजून चार वर्षं. माझ्या हातात एक चांगला पासपोर्ट होता आणि समोर त्याची खरी मालकीण होती, आणि तरी कुठंतरी पाणी मुरत होतं.

नियम असा की जो पासपोर्ट समोर आहे त्याचीच माहिती पाठवायची, बुकिंगमध्ये काय आहे ते नाही. मी हातातल्या पासपोर्टचा नंबर टाकून पाठवला. ऑस्ट्रेलियाची सिस्टीम अशी आहे की प्रवासी विमानात चढायच्या आधीच त्याची माहिती तिकडं जाते आणि काही सेकंदांत उत्तर येतं, चढवा किंवा चढवू नका. व्हिसाचं स्टिकर ते आता लावतच नाहीत, सगळं इलेक्ट्रॉनिक, तुमच्या पासपोर्ट नंबरला जोडलेलं, त्यामुळं पासपोर्टची पानं चाळून व्हिसा आहे की नाही ते कळतच नाही. उत्तर आलं, चढवू नका.

कारण लिहून येत नाही. कधीच येत नाही. आणि बाईंना तर कारण हवं होतं, साहजिक आहे. "अहो माझ्याकडं परवानगी आहे, ईमेल दाखवू का? पासपोर्ट चार वर्षं चालणार आहे, त्यावर लिहिलंय तुम्हीच बघा ना." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मागून लोक पुढं जात होते, माझी सहकारी बाजूच्या रीडरवर एकटीच सगळं ओढत होती. मी बाईंना बाजूला उभं केलं आणि फोन लावला, अशा केसेससाठी चोवीस तास चालू असणारा नंबर असतो तिकडच्या सरकारचा.

फोनवरचा माणूस शांत, म्हणजे आपल्याकडं विमान उभं आहे आणि त्याच्याकडं नाही याचा फरक आवाजात कळतो! त्यानं नंबर घेतला, नाव घेतलं, थोडा वेळ गप्प. मग म्हणाला या डॉक्युमेंटवर परवानगी नाही आणि या डॉक्युमेंटवर ती प्रवास करू शकत नाही. पुढं एवढंच म्हणाला, तिच्याकडं दुसरा पासपोर्ट आहे का विचारा.

मी फोन कानाला तसाच ठेवून विचारलं, मॅडम तुमच्याकडं दुसरा पासपोर्ट आहे का.

"आहे की. मोठ्या बॅगेत."

मला दोन सेकंद काही बोलताच आलं नाही. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. पासपोर्ट मागं कधीतरी हरवला होता, म्हणून त्यांनी रीतसर हरवल्याचं कळवलं, नवा काढला, ऑस्ट्रेलियाची परवानगी नव्यावर घेतली, एअरलाइनच्या अकाउंटमध्येही नव्याचा नंबर सेव्ह केला. पुढं कधीतरी जुना सापडला, सुटकेसच्या अस्तराच्या आत सरकला होता. त्यांना वाटलं बरं झालं, आता दोन झाले. आणि एकदा हरवल्याची धास्ती बसलेली, म्हणून त्यांनी ठरवलं की प्रवासात एक हातातल्या बॅगेत ठेवायचा आणि एक मोठ्या बॅगेत, म्हणजे एक गेला तरी दुसरा आहे. विचार म्हणून वाईट नाही, किल्ल्यांच्या बाबतीत मीही तेच करते.

पण हरवला म्हणून कळवलेला पासपोर्ट त्याच दिवशी मेलेला असतो. परत सापडला म्हणून जिवंत होत नाही, तो रद्द झालेला असतो आणि ती माहिती इंटरपोलच्या यादीतसुद्धा जाते, देशोदेशीच्या बॉर्डरवर ती यादी बघतात. नेहमीसारखं रिन्यू करताना जुना पासपोर्ट जमा होतो, त्याला भोक पाडतात किंवा कोपरा कापतात, त्यामुळं बघितल्या बघितल्या कळतं. हरवलेल्याला कोण भोक पाडणार? तो दिसायला ठणठणीतच राहतो. सकाळच्या डोमेस्टिक फ्लाइटला त्यांनी तोच दाखवला, तिथं नाव आणि फोटो जुळला, झालं.

आता खरी धावपळ. सुटायला अर्धा तास. ड्यूटी मॅनेजर आले, त्यांनी ऐकलं आणि सरळ म्हणाले, ऑफलोड कर, उद्याच्या फ्लाइटवर टाक. त्यांचंही चूक नाही, त्यांच्या डोक्यात तीनशेवर माणसं, पुढची कनेक्शन्स आणि क्रूचे तास. पण मी म्हटलं सर, ऑफलोड केलं तरी यांची बॅग काढावीच लागणार ना? प्रवासी न चढता त्याची बॅग घेऊन जायचं नाही हा नियम काही उगाच झालेला नाही, १९८५ मध्ये एअर इंडियाच्या कनिष्क विमानात ज्या बॅगेत बॉम्ब होता त्या बॅगेचा माणूस विमानात चढलाच नव्हता, ३२९ माणसं गेली. म्हणजे बाई गेल्या तरी बॅग शोधायची आणि नाही गेल्या तरी बॅग शोधायची. मग शोधूनच टाकू, पासपोर्ट मिळाला तर जातील, नाही मिळाला तर बॅग बाहेर आलेलीच आहे. सरांनी माझ्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, म्हणाले दार बंद व्हायच्या वेळेला हातात पासपोर्ट हवा, एक मिनिट जास्त नाही.

रँपवर, म्हणजे खाली विमानात सामान चढवणाऱ्यांना, कळवलं. बॅगेवरच्या टॅगचा नंबर स्कॅन झालेला असतो, कुठली बॅग कुठल्या कंटेनरमध्ये गेली ते सिस्टीममध्ये दिसतं. कंटेनरमध्ये पुढच्या बाजूला कुठं अडकली असती तर आधी त्याच्यापुढचे दोन-तीन कंटेनर बाहेर काढा, मग तो काढा, त्यात बॅगा उपसा, अर्धा तास त्यातच जातो. पण यांचं कनेक्शन इतकं कमी वेळाचं की त्यांची बॅग शेवटी आली होती आणि शेवटी येणाऱ्या बॅगा मागच्या बल्कमध्ये, म्हणजे कंटेनर नसलेल्या कप्प्यात, सुट्या टाकतात, दाराजवळच. धावतपळत आलेल्या बाईंचा उशीर इथं कामाला आला.

रँपवाल्याचा वॉकीवर आवाज, "रंग काय?" बाई म्हणाल्या काळी. मी म्हटलं काळ्या तर सगळ्याच असतात मॅडम! मग आठवलं, हँडलला हिरवी रिबीन.

बॅग मिळाली पण प्रश्न संपला नाही. होल्डची, म्हणजे विमानाच्या पोटातली, बॅग प्रवाशाच्या हातात देता येत नाही, त्यात कात्री असू शकते, काहीही असू शकतं, आणि एकदा त्यांनी हात घातला की ती परत तपासायला पाठवावी लागली असती, मग गेलंच सगळं. सिक्युरिटीचा माणूस बोलावला. एअरोब्रिजच्या टोकाला जिना असतो ना खाली उतरायचा, तिथं बॅग वर आणली, बाई दोन हात लांब उभ्या, हात मागं, आणि त्यांनी कुलपाचा नंबर सांगायचा, उघडायचं सिक्युरिटीनं. घाबरून त्यांनी नंबरच चुकीचा सांगितला. दुसरा सांगितला, तोही नाही. मी मनात म्हटलं आता घरच्या वायफायचा पासवर्ड सांगतील. मग डोळे मिटले, बोटं हवेत फिरवली, कुलूप लावताना फिरतात तशी, आणि नंबर सांगितला. उघडलं.

पासपोर्ट कुठं ठेवलाय? "मोज्यात." कुठल्या? "राखाडी." राखाडी मोज्यांच्या जोड्या बऱ्याच होत्या, त्या माणसानं हातमोजे घालून एकेक मोजा दाबत बघितला, चेहऱ्यावर काही नाही, अगदी डॉक्टरसारखा. चौथ्या की पाचव्या मोज्यात कडक लागलं.

मी पासपोर्ट घेऊन पळत गेटवर. स्वाइप. नंबर बुकिंगशी जुळला. पाठवला. ते चार-पाच सेकंद फार लांब असतात. चढवा.

बॅग परत बल्कमध्ये, लोडशीटमध्ये, म्हणजे विमानातल्या वजनाच्या हिशोबात, काही बदलायची गरज नव्हती कारण माणूस तोच आणि बॅग तीच. दार बंद करायची वेळ होऊन गेली होती हे मान्य आहे, सर काही बोलले नाहीत पण घड्याळ मला दिसेल असं धरून उभे होते. बाई आत जाताना मी जुना पासपोर्ट त्यांच्या हातात देऊन म्हटलं, मॅडम हा परत आलात की पासपोर्ट ऑफिसला जमा करा, ऑस्ट्रेलियात तर चुकूनसुद्धा काढू नका. त्यांनी मान हलवली, दोन पावलं गेल्या आणि वळून विचारलं, "पण डोमेस्टिकला चालतो ना?"

मी म्हटलं नाही हो. जा आता.

विमान नऊ मिनिटं उशिरा निघालं. आता उशीर झाला की त्याला कोड लागतो, कुणाच्या नावावर उशीर टाकायचा त्याचा आकडा, आणि त्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी पगारावरून होत नाहीत. रँपवाले म्हणाले १५ लिहा, म्हणजे गेटवरचा बोर्डिंगचा घोळ, आमचा. मी म्हटलं १८ लिहा, बॅगांचा कोड, वेळ बॅग वर आणण्यात गेलाय. रँपचा सुपरवायझर उखडला, म्हणाला माझ्या पोरांनी सहा मिनिटांत बॅग काढून दिली आणि कोड माझ्यावर? त्यात तथ्य होतं. मग मी ८६ सुचवला, इमिग्रेशन, कस्टम्स वगैरेचा, उत्तर तर तिकडच्या सरकारकडून आलं होतं ना. सर म्हणाले त्यांनी पाच सेकंदांत बरोबर उत्तर दिलंय, दोन्ही वेळा, त्यांच्यावर कसा टाकतेस.

१५ लिहिला. खाली शेऱ्यात मोज्याचं लिहायचं की नाही यावर थोडी चर्चा झाली, नाही लिहिलं.