पाच फायरबॉल

आज दुपारी डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) डाव मांडला आणि हौसेनं स्पेल स्लॉट (प्रत्येक लेव्हलच्या मंत्रांचा ठरलेला कोटा) बंद करून स्पेल पॉइंट (हव्या त्या मंत्रावर खर्चायचे गुण) लावले. नियम २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइड या नियमपुस्तकातलाच, माझ्या मनचा नाही. पाचव्या लेव्हलच्या विझार्डला, म्हणजे जादूगाराला, २७ पॉइंट, फायरबॉल या आगीच्या मंत्राला ५. एरवी फायरबॉलला लागणारे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोनच. इथे विझार्ड खेळणाऱ्या पठ्ठ्यानं ओळीनं पाच फायरबॉल टाकले! ज्यांच्यासाठी मी शनिवारी रात्र जागलो ते गॉब्लिन राक्षस चहा येण्याआधीच खलास. बाकीचे चिवडा खात बसले.

मग डंजन क्रॉल क्लासिक्स हा तसाच दुसरा खेळ काढला. तिथे मंत्रालाही फासा टाकावा लागतो. १ पडला तर मंत्र उलटतो, कधी अंगच विद्रूप होतं. त्याच पठ्ठ्याला पहिल्याच फेरीत १! गॉब्लिनांचा आत्मा शांत झाला असेल.