काँट्रा जोडीनं खेळायचं तर पहिल्यापासून

काँट्रा म्हणजे धावत, उड्या मारत गोळ्या झाडायच्या व्हिडिओ गेमची जुनी मालिका. ती सगळी दोघांनी मिळून संपवायची असेल, तर सुरुवात १९८८ च्या आठ स्टेजवाल्या काँट्रापासून करा, आणि तीस लाईफचा कोड न टाकता करा. वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए हे आपल्याकडं पोरांना पाढ्यासारखं पाठ असायचं. पण तीस लाईफ हातात असल्या की जोडीदार कुठं उभा आहे हे बघायची गरजच पडत नाही. आणि तेच बघायला शिकलात तर पुढचे सगळे गेम सोपे जातात. तीन लाईफवर खेळताना शत्रूच्या गोळीनं जेवढं मरण येतं, त्याहून जास्त जोडीदाराच्या घाईनं येतं.

जुनी मशीन आणि कॅसेट शोधत बसू नका. कोनामीचं २०१९ चं काँट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन घ्या. ते स्टीम (कॉम्प्युटरवरचं गेमचं ऑनलाइन दुकान), स्विच, पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर मिळतं. दोन्ही आर्केड गेम, घरच्या मशीनवरचे काँट्रा आणि सुपर सी, सुपर निन्टेंडोवरचं काँट्रा ३ आणि मेगा ड्राइव्हवरचं हार्ड कोअर हे सगळं त्यात आहे. ऑपरेशन सीसुद्धा आहे, पण तो गेम बॉयचा, एकट्यानं खेळायचा. जोडीनं खेळणाऱ्यांनी तो सोडून द्यावा, काही बिघडत नाही.

पैसे घालायचे तर पॅडवर, म्हणजे हातातल्या कंट्रोलरवर घाला. काँट्रामध्ये आठ दिशांना नेम धरायचा असतो, त्यामुळं गोल काडीपेक्षा अधिकचं चिन्ह असलेलं दिशांचं बटण महत्त्वाचं. स्वस्त पॅडचा नेहमीचा दोष म्हणजे नुसतं उजवीकडं दाबलं तरी वर-उजवीकडं लागतं. मग समोरचा शिपाई जिवंत राहतो आणि गोळी आभाळात जाते. कोल्हापुरात राजारामपुरीत पॅड घेणार असाल तर लॅपटॉप बरोबर न्या आणि दुकानातच जोडून बघा. विंडोजमध्ये रनमध्ये जाऊन जॉय डॉट सीपीएल उघडा, पॅड निवडून प्रॉपर्टीजमध्ये जा. अंगठा उजव्या बाजूवर ठेवून जरासा वर-खाली लोळवा. लगेच तिरकं दाखवायला लागला तर दुसरा नग मागा. दोन्ही पॅड एकाच जातीचे घ्या, म्हणजे बटणांवरून वाद होत नाही. पॅड जोडूनही गेमला दिसत नसेल तर स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये स्टीम इनपुट चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. कोड टाकूनही चालत नसेल तर आधी बी आणि ए कुठल्या बटणांवर बसलेत ते तपासा. आताच्या पॅडवर त्यांच्या जागा बदललेल्या असतात.

टीव्हीवर गेम मोड लावायला विसरू नका. चित्र चकचकीत करण्यासाठी टीव्ही जी प्रक्रिया करतो तिला वेळ लागतो. या गेमची एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. टीव्हीनं चार-पाच फ्रेम खाल्ल्या तर उडी वेळेवर मारूनही गोळी लागते, आणि चूक नेमकी कुणाची ते दोघांनाही कळत नाही. वायरचे पॅड आणि गेम मोड एवढं केलंत तरी फरक लगेच जाणवेल.

आता खेळ. पहिल्याच स्टेजला बंदुकांची वाटणी ठरवा. बंदुका अक्षरांवरून ओळखायच्या. एस म्हणजे पाच गोळ्यांचा पसारा, सगळ्यांनाच हवा असतो. मेलं की बंदूक जाते. म्हणून नियम साधा ठेवा: ज्याच्याकडं एस नाही, पुढचा एस त्याचा, मग तो कुणाच्याही पायाशी पडो. दुसऱ्यानं तोवर एम, म्हणजे मशीनगन घ्यावा, बटण दाबून धरलं की तो चालत राहतो. एल म्हणजे लेझर दिसायला भारी आहे, पण आधीची रेघ पोचायच्या आत परत दाबलं तर ती रेघच नाहीशी होते. घाईच्या हाताला तो चालत नाही. एल समोर आला की उडी मारून चुकवा, चुकून उचलला तर हातातला एस गेला. दोघांकडं एस असला की गोळ्या लुकलुकताना दिसतात. मूळ मशीन एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट (हलणारी छोटी चित्रं) दाखवू शकायचं, म्हणून गर्दी झाली की काही गोळ्या क्षणभर दिसतच नाहीत. शत्रूच्यासुद्धा.

दुसऱ्या आणि चौथ्या, म्हणजे बोगद्यांच्या स्टेजला पडदा मधोमध वाटून घ्या: डावी भिंत एकाची, उजवी दुसऱ्याची. विजेच्या पट्ट्यांना भिडू नका, आणि गोळ्या आल्या की पडून राहा, त्या डोक्यावरून जातात.

जोडी फुटते ती तिसऱ्या स्टेजला, धबधब्यावर. इथं पडदा वर सरकतो, आणि सरकतो तो वरच्या गड्याच्या हिशोबानं. वरचा एक उडी जास्त मारतो, खालची पायरी पडद्याच्या कडेखाली जाते आणि खालचा उभ्या उभ्या मरतो. त्याला गोळी लागलेली नसते की दगड लागलेला नसतो. "अरे थांब की लेका!" हे इथं उशिरा येऊन उपयोग नाही. म्हणून एस असलेला गडी वर राहील हे आधीच ठरवा. त्यानं वरची पायरी साफ करायची आणि तिथंच उभं राहायचं. खालच्यानं शेजारी पोचून "आलो" म्हटल्याशिवाय वरच्यानं पुढची उडी मारायची नाही. दगड गडगडत येतात तेव्हा दोघांनी एकाच बाजूला सरू नये, नाहीतर वरच्याला घाबरून पुढं उडी मारावी लागते. हे एकदा जमलं की सहाव्या स्टेजच्या ज्वाळा आणि सातव्यातल्या छतावरून येणाऱ्या नांग्या निव्वळ वेळ साधायच्या गोष्टी उरतात.

एकाच्या लाईफ संपल्या तर तो उडीच्याच बटणानं दुसऱ्याची लाईफ घेऊ शकतो. ही सोय फार चांगली आहे, पण विचारून घ्या. बॉससमोर घाबरून बटण बडवलं की जोडीदाराची शेवटची लाईफसुद्धा उचलली जाते.

लाईटीचं बघा. जुलैच्या पावसात कोल्हापुरात लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही. कलेक्शनमध्ये कुठंही सेव्ह करता येतं, म्हणून प्रत्येक स्टेज सुरू झाल्याबरोबर हातानं सेव्ह करा. स्टेजच्या मधे मात्र नको. धबधब्यावर दर पायरीला सेव्ह करत गेलात तर धबधबा चढता येईल, पण खेळता येणार नाही.

एक जण कोल्हापुरात आणि दुसरा नोकरीला पुण्यात असेल तरी अडत नाही. कलेक्शनमध्ये ऑनलाइन जोडी नाही, पण स्टीमचं रिमोट प्ले टुगेदर आहे. एकाकडंच गेम असला तरी पुरतं. त्यानं गेम चालू करायचा, शिफ्ट-टॅब दाबून मित्राच्या नावावर राइट क्लिक करायचं आणि रिमोट प्ले टुगेदर निवडायचं. चित्र यजमानाकडून जातं, त्यामुळं त्याचा अपलोड वेग महत्त्वाचा; किमान १० एमबीपीएस धरा, आणि वायफायऐवजी राऊटरला केबल लावा. उशीर फक्त पाहुण्याला जाणवतो. म्हणून धबधब्यावर पुढं यजमानानं राहावं, पाहुण्यानं एम घेऊन मागून झाकावं.

पुढचा क्रम असा. सुपर सीमध्ये बोगद्यांऐवजी वरून दिसणाऱ्या स्टेज आहेत, दुसरी आणि सहावी. काँट्रा ३, म्हणजे १९९२ चं, माझ्या मते जोडीसाठी सगळ्यांत चांगलं. दोन बंदुका बाळगता येतात आणि मेल्यावर फक्त हातातली जाते, त्यामुळं मरायची वेळ आली की कमी कामाची बंदूक हातात घेऊन मरावं. सुरुवातीला दोन प्लेअरचे दोन प्रकार विचारतो. वरून दिसणाऱ्या स्टेजमध्ये पडदा दोघांना वेगवेगळा हवा असेल तर बी निवडा. तोच निवडा, ए मध्ये एकमेकांना ओढत बसावं लागतं. शेवटच्या शत्रूचं अखेरचं रूप फक्त हार्ड या अवघड पातळीवर दिसतं, तेव्हा नॉर्मल संपवून थांबू नका.

१९९४ चं हार्ड कोअर जपानी आवृत्तीतच खेळा. तिथं तीन फटके सहन होतात, पाश्चात्य आवृत्तीत एकाच फटक्यात काम तमाम. वाटा फुटतात आणि शेवटही वेगवेगळे आहेत, म्हणून आलटून पालटून एकेकानं वाट निवडावी.

त्यानंतर पीएस२ चं शॅटर्ड सोल्जर, २००२ चं. ते कलेक्शनमध्ये नाही, मशीन असेल तरच. तिथं नेम किती टक्के लागला त्यावर शेवटच्या स्टेज उघडतात, त्यामुळं नुसतं जिवंत राहून भागत नाही. २०१९ चं रोग कॉर्प्स खुशाल वगळा.

शेवटी २०२४ चं ऑपरेशन गॅलुगा. स्टोरी मोड दोघांचा, आर्केडमध्ये चौघांपर्यंत. एका फटक्यात मरायचं की लाईफबार घ्यायचा हे आधी विचारतो. इथवर आलेल्या जोडीनं एक फटकाच घ्यावा. तीच बंदूक दुसऱ्यांदा उचलली की तिची ताकद वाढते, म्हणून "पुढचा एस त्याचा" हा पहिला नियम इथं बदला. ज्याच्याकडं एस आहे, पुढचा एसही त्यालाच द्या.