गच्चीची गळती आणि गाडीचा विमा: पावसाळ्यापूर्वीच्या कामांची नोंद

मंडळी, यंदाच्या कामांची नोंद देतेय. गच्ची, वरच्या खोलीची ओली भिंत, दोन नळ आणि गाडीचा विमा. विमा या यादीत बघून काहींना नवल वाटेल. पण पैसा एकाच पाकिटातून जातो, आणि गच्चीवर छिन्नी घेऊन बसताना जो प्रश्न मी स्वतःला विचारते तोच पॉलिसी घेतानाही विचारते: हे बिघडलं तर मला स्वतःला निस्तरता येईल का? येत असेल तर दुसऱ्याला पैसे कशाला द्यायचे? आणि येत नसेल तर तिथे हात आखडता घ्यायचा नाही. यंदा हे दोन्हीकडे नीट जुळून आलं, म्हणून एकत्रच लिहिते.

एप्रिल: गच्चीची पाहणी

आमचं रो-हाउस पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे. वरच्या खोलीच्या छताला एका कोपऱ्यात पोपडे धरले होते आणि त्याखाली भिंतीवर लोणा, म्हणजे ओलीने येणारा पांढरा क्षार, फुटला होता. अशा वेळी भिंत खरवडून पुट्टी मारावीशी वाटते, पण पाणी वरून झिरपतंय तोवर पुट्टी टिकत नाही. म्हणून सुरुवात गच्चीपासून.

भेगा शोधायची माझी पद्धत सांगते, पैसे लागत नाहीत. सकाळी सातच्या आत सगळी गच्ची झाडून, धुऊन ओली करायची आणि तिथेच थांबायचं. ऊन चढायला लागलं की वरचा पृष्ठभाग भराभर वाळतो, पण भेगेत मुरलेलं पाणी मागे राहतं. पांढुरक्या गच्चीवर एकेक काळसर रेघ उमटत जाते. एरवी डोळ्याला न दिसणारी केसासारखी भेगसुद्धा त्या दहा-पंधरा मिनिटांत दिसते. हातात खडू ठेवायचा आणि रेघ दिसली की लगेच तिच्या शेजारून ओढायचा. आमच्याकडे जास्त रेघा गच्चीच्या मधोमध नव्हत्याच. बहुतेक कठड्याच्या पायथ्याशी होत्या आणि एक पावसाळी पाइपाच्या तोंडाभोवती गोल फिरली होती. ती बरोबर खालच्या पोपड्यांच्या डोक्यावर होती.

ठेकेदाराला दर विचारला, तर ४५ रुपये चौरस फूट सांगितला. गच्ची १८ बाय २२, म्हणजे ३९६ चौरस फूट. एकूण १७,८२० रुपये. दर अवाजवी नव्हता. पण त्यातला मोठा वाटा मजुरीचा, आणि हे काम चिकाटीचं असलं तरी अवघड नाही.

मे: गच्चीचं काम

सामान रविवार पेठेत बोहरी आळीतून आणलं. दुकानात जाताना चौरस फूट लिहून न्या आणि कोटिंगच्या डब्यावर एका लिटरमध्ये किती जागा होते ते बघा. तो आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा, हे बारीक अक्षरात असतं. तिथे गफलत झाली तर एक तर डबा कमी पडतो, नाही तर अर्धा डबा घरात सुकतो.

खडूने खूण केलेल्या भेगा छिन्नीने व्ही आकारात उघडल्या. हे जिवावर येतं, चांगली गच्ची फोडतोय असं वाटतं. पण भेगेच्या तोंडावर नुसता मसाला फासला तर तो पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो. आत शिरायला त्याला जागा लागते. तारेच्या ब्रशने भुगा काढला, ओल्या फडक्याने पुसलं आणि भेगा पॉलिमर मसाल्याने भरल्या. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथे काटकोन मोडून सिमेंट-वाळूचा गोलसर वाटा काढला, म्हणजे पाणी सांध्यात थांबत नाही. या मसाल्यात डॉ. फिक्सिट एलडब्ल्यू प्लस हे पाणी रोखणारं द्रव घातलं. त्याचं प्रमाण ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीला २०० मिली असतं. मला पाव गोणीच लागली, म्हणून ५० मिली मोजून घेतलं. अंदाजाने ओतू नका. जास्त घातलं म्हणून जास्त पक्कं होत नाही.

वाटा आठवडाभर पाणी मारून मुरवला, वाळू दिला आणि मग कोटिंग. पहिला हात पातळ करून प्रायमरसारखा, सांध्यांवर फायबरची जाळी दाबून बसवली, आणि वर दोन हात: एक पूर्व-पश्चिम, दुसरा दक्षिण-उत्तर. दोन हातांच्या दिशा वेगळ्या असल्या की ब्रशच्या रेघांमधून सुटलेली जागा भरून निघते. मे महिन्यात हे सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच करा. तापलेल्या स्लॅबवर कोटिंग पकड घेण्याआधीच वाळतं.

मग पाणी साठवून चाचणी. पाइपाचं तोंड फडकं आणि प्लास्टिकने घट्ट बंद केलं आणि दीड इंच पाणी भरलं. आमच्या गच्चीला त्यासाठी साधारण १,४०० लिटर पाणी लागतं. पुण्यात मे महिन्यात एवढं पाणी ओतताना वाईट वाटतं, म्हणून नंतर ते पाइपाने झाडांना आणि अंगण धुवायला घेतलं. उन्हाने पाणी आटतं, त्यामुळे पातळी उतरली म्हणजे गळती आहे असं नाही. त्यावर उपाय असा: त्याच उन्हात, त्याच पाण्यात एक पसरट घमेलं काठोकाठ न भरता ठेवायचं आणि त्याच्या आतल्या पातळीवर खूण करायची. घमेल्यातलं पाणी जेवढं उतरलं तेवढंच गच्चीवरचं उतरलं असेल, तर ते आटलेलं पाणी. गच्चीवरचं जास्त उतरलं असेल, तर कुठून तरी झिरपतंय. दुसऱ्या दिवशी दोन्ही सारखं उतरलं होतं आणि खालचं छत कोरडं होतं.

सगळा खर्च साडेआठ हजारांच्या आत. ब्रश, छिन्नी, घमेलं पुढच्या कामांना आहेतच.

भिंत, नळ आणि वीज

भिंतीला वेळ द्यावा लागतो. लोणा कोरड्या ब्रशने काढायचा; पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. भिंत वाळली का हे बघायला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक दिवस ठेवला. आतून थेंब धरले तर अजून थांबायचं. थेंब धरायचे थांबल्यावर पुट्टीचे दोन पातळ हात, पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. यात नवीन सांगण्यासारखं काही नाही.

नळांचे वायसर बदलले. अर्ध्या फेऱ्यात उघडणारा नळ असेल तर वायसर नसतो, आतली अख्खी डिस्क बदलावी लागते. जुनी सोबत घेऊन दुकानात जा, दांड्यावरचे दाते मोजून मिळते.

विजेचं काम मात्र मी करत नाही. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवायचा होता, तो परवानाधारक माणसाकडून बसवून घेतला आणि तिथे घासाघीस केली नाही. गच्चीत चुकलं तर भिंत ओली होते. इथे चुकलं तर जीव जातो.

गाडी: काय आपलं आपण निस्तरायचं

गाडी ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक, तीन वर्षं पूर्ण झाली. नव्या गाडीसोबत सक्तीने घेतलेला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमाही (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा) संपला, म्हणजे यंदा सगळंच नव्याने. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनच्या दराने १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. तो सगळीकडे सारखाच, त्यामुळे कंपन्यांची तुलना करायची ती ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात.

इथे घरकामाची सवय कामाला येते. पार्किंगमध्ये कुणाच्या तरी दुचाकीचं हँडल लागून मागच्या दारावर ओरखडा आला होता. नख फिरवून बघितलं, नख अडकत नव्हतं, म्हणजे ओरखडा वरच्या क्लिअर कोटपुरताच. २००० नंबरचा पाणपेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवला, मग रबिंग कंपाउंड, मग पॉलिश. जेमतेम तासाभराचं काम. नख अडकलं असतं तर गाडीच्या रंगाचा कोड बघून टचअप पेन आणलं असतं.

अशा बारीक गोष्टींसाठी क्लेम का करू नये, याचा हिशोब मांडते. क्लेम न केल्याची सूट, म्हणजे एनसीबी, ओन डॅमेजच्या प्रीमियमवर अशी चढते: २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. मी आता ३५ वर आहे. यंदा क्लेम केला नाही तर पुढे ४५, ५०, ५०, ५०, ५०. केला तर शून्य, २०, २५, ३५, ४५. दोन्हींतला फरक वर्षावार ४५, ३०, २५, १५, ५. बेरीज १२० टक्के. माझा एनसीबीपूर्वीचा ओन डॅमेज प्रीमियम आठ हजारांच्या आसपास आहे. गाडीची किंमत घटते तसा तो दरवर्षी कमी होईल, पण जीएसटीही वाचतो, हे सगळं धरून एका क्लेमची किंमत साधारण आठ-नऊ हजार येते. म्हणजे त्याच्या आतलं नुकसान खिशातून भरणंच फायद्याचं.

आणि एवढं ठरलं की पुढचा निर्णय आपोआप होतो. लहान क्लेम करणारच नसेन, तर कंपनीला तसं सांगून प्रीमियम कमी का करून घेऊ नये? प्रत्येक क्लेममधली ठरावीक रक्कम आपण स्वतः भरायची, यालाच व्हॉलंटरी डिडक्टिबल म्हणतात. जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारख्या असलेल्या दरपत्रकात, ५,००० च्या डिडक्टिबलला ओन डॅमेजवर २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये सूट होती; १५,००० ला ३५ टक्के, जास्तीत जास्त २,५००. आता कंपन्या आपापली सूट देतात, म्हणून आकडा कोटेशनमध्ये बघा. मी ५,००० चं घेतलं. १५,००० चं घेऊन थोडीच जास्त सूट मिळते आणि जोखीम तिप्पट होते, ते मला पटत नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० वेगळे कापले जातातच, म्हणजे प्रत्येक क्लेमला माझे ६,००० जाणार हे गृहीत धरलंय. कारागिरी न करणाऱ्या, प्रत्येक ओरखड्याला गॅरेज गाठणाऱ्या माणसाने हे घेऊ नये. त्याचं गणित वेगळं येईल.

गाडी: कुठे हात आखडायचा नाही

वाचलेले पैसे मी तीन ठिकाणी लावले.

पहिली आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या पुढे गेला तर मिळणारी रक्कम. तीन वर्षं झालेल्या गाडीला आजच्या शोरूम किमतीतून ४० टक्के घसारा जातो. सात लाखांच्या गाडीची ४ लाख २० हजार. ऑनलाइन तुलना करताना सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या कोटेशनमध्ये बहुतेकदा आयडीव्ही खाली ओढलेली असते. सगळीकडे आयडीव्ही सारखी भरून मगच प्रीमियम बघा. मी केलं तेव्हा पहिल्या नंबरची कंपनी तिसऱ्यावर गेली.

दुसरं झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांच्या किमतीतून घसारा न कापणारं जादा कव्हर. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापतात, काचेला नाही. आजकाल गाडीचं पुढचं तोंड सगळं प्लास्टिकचंच असतं, त्यामुळे समोरून धडक बसली तर अर्धं बिल आपल्याच अंगावर. झिरो डेप ठरावीक वयापर्यंतच मिळतं, गाडी जुनी झाली की कंपन्या देत नाहीत. अजून मिळतंय तोवर घेतलं. डिडक्टिबल मात्र त्याने माफ होत नाही.

तिसरं, माझ्या मते आमच्या भागात सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन प्रोटेक्शन. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेला पूर आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलेलं पाणी, दोन्ही पुण्यातल्या लोकांच्या लक्षात आहे. पुरात गाडी बुडाली तर साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेल्या) ते नुकसान येतं. पण बुडालेली गाडी कुणी चालू करून बघितली आणि इंजिनात पाणी गेलं, तर गोष्ट वेगळी. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे पुराने नाही, चालू केल्याने झालं, असं म्हणून क्लेम अडू शकतो. या रॉडचं काम आपल्यापैकी कुणी अंगणात बसून करणार नाही. त्यासाठीचे नऊशे-हजार रुपये मी डोळे मिटून देते. तरीही पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करायची नाही, चावी फिरवूनसुद्धा बघायची नाही. पाण्याची पातळी दिसेल असा फोटो काढायचा, पाणी ओसरल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची आणि टोइंगला फोन करायचा. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवलंय.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आधीच असेल तर पुन्हा घ्यावा लागत नाही, तसं जाहीर करता येतं. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे नोंद हवी. आणि मुदत संपायच्या आत नूतनीकरण करा: ९० दिवस उलटले की साठवलेली एनसीबी गेली. मी दहा दिवस आधी केलं.

राहिलेलं काम: पावसाळी पाइपाच्या तोंडाची जाळी गंजलीय, ती पहिल्या पावसाच्या आत बदलायची आहे. गॅलरीचा उतार उलटा आहे, तो दिवाळीनंतर काढेन. तुमच्यापैकी कुणी जुन्या फरश्या न काढता उतार दिला असेल तर किती जाडी ठेवलीत आणि दाराच्या चौकटीशी काय केलंत, ते कळवा.