ट्रेलरची गळती आणि सिलिकॉनचा थर: माझा अनुभव

"मॅडम, हे कंडेन्सेशन आहे. आत स्वयंपाक करता, चार माणसं झोपतात, तेवढी वाफ होणारच." सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मला हे उत्तर मिळालं. आमचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर, नोव्हेंबरपासून घरासमोर कुलूप लावून उभा होता. आत कोणी चहासुद्धा केलेला नव्हता. पुढच्या डाव्या कोपऱ्यात, बाकाखालच्या प्लायवूडवर काळा डाग पडला होता आणि हात लावला की बोटं ओली होत होती. मी फोटो दाखवले, कधीपासून बंद आहे ते सांगितलं, तरी त्या माणसाचं "वाफ, वाफ" चालूच. वाफेचं पाणी थंडीत खिडक्यांच्या काचांवर धरतं, आणि ते सगळीकडे धरतं. एकाच कोपऱ्यात, तेही पावसानंतर किंवा बर्फ वितळल्यावर दिसणारं पाणी बाहेरून येत असतं. तुम्हालाही असं कोणी सांगितलं तर ऐकून गप्प परत येऊ नका, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचा ट्रेलर छोटा, 17 फुटी, वापरलेला घेतलेला. आतून लाकडी सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पन्हळी पत्रा, वर पांढऱ्या ईपीडीएम रबराचं छत. आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये अशा ट्रेलरचे हाल जास्त होतात. दिवसा बर्फ वितळतं, ते पाणी फटीत जातं, रात्री गोठून फुगतं आणि फट आणखी रुंद करतं. हिवाळाभर हे चालतं. छताचा पत्रा किंवा रबर सहसा फाटत नाही. गळती होते ती जोडांवर: छत आणि भिंत मिळते ती कड, व्हेंट (छतावरचे हवेचे झरोके), दिवे, खिडक्या, कोपऱ्यावरचं मोल्डिंग (जोड झाकणारी स्क्रूने बसवलेली पट्टी). बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये दर 90 दिवसांनी सगळे जोड तपासा असं लिहिलेलं असतं, आणि ते केलं नसेल तर पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. तेव्हा तपासणीचे तारीखवार फोटो ठेवा.

छताचं काम मला अजिबात जड गेलं नाही. खाली प्लायवूडचा तुकडा टाकून त्यावर गुडघे टेकले, म्हणजे वजन पसरतं. व्हेंटभोवतीचं जुनं सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लगदा, जिथे घट्ट चिकटलेलं होतं तिथे नुसतं स्वच्छ केलं, जिथे भेगा होत्या किंवा कडा उचलल्या होत्या तिथलं प्लास्टिकच्या स्क्रेपरने काढलं, आणि डायकोर कंपनीचं आपोआप सपाट होणारं सीलंट ओतलं. डायकोरवर डायकोर चिकटतं, त्यामुळे सगळं खरवडत बसायची गरज नसते. हे सीलंट फक्त आडव्या भागासाठी आहे, उभ्या भिंतीवर लावलं तर ओघळून खाली येतं. ईपीडीएमवर पेट्रोलियमपासून बनलेली सॉल्व्हंट वापरू नका, रबर फुगतं. एका शनिवारी दुपारपर्यंत छत झालं.

खरा त्रास त्या कोपऱ्याने दिला. त्याआधी त्या सर्व्हिस सेंटरचं पूर्ण सांगते.

एवढं बोलणं झाल्यावरही मी ट्रेलर तिथेच दिला, कारण तेव्हा घरात बाकीची धावपळ होती आणि पैसे देऊन काम नीट होईल असं वाटणं साहजिक होतं. कित्येक आठवडे त्यांनी ट्रेलर नुसता यार्डात उभा करून ठेवला. फोन केला की "टेक्निशियन बघतोय". एकदा मी विचारलं, पाणी मारून बघितलंत का? तर म्हणे, "या आठवड्यात पाऊस झाला नाही." पाऊस नाही म्हणून पाण्याची चाचणी नाही! होज पाइप कशासाठी असतो? शेवटी बिल आलं, त्यावर एकच ओळ: पुढचा भाग रिसील (म्हणजे जोड पुन्हा सीलंटने बुजवले), अमुक तास मजुरी. ट्रेलर घरी आणला. पहिल्या मोठ्या पावसानंतर बाकाखाली हात घातला, आणि बोटं पुन्हा ओली.

मग मी मीटर आणला. लाकडातली ओल मोजणारा, दोन सुया टोचायचा मीटर 30-40 डॉलरमध्ये मिळतो. ट्रेलर वापरलेला घेणार असाल तर बघायला जातानाच हा खिशात ठेवा, विकणारा "कधीच गळला नाही" म्हणत असेल तरी. सुया नसलेले मीटर धातूच्या पत्र्याजवळ चुकीचे आकडे दाखवतात, म्हणून सुयांचाच घ्या. आमच्या बाकीच्या भिंतींवर 10 ते 12 टक्के येत होतं, डाव्या कोपऱ्यात 28. लाकडात 20 च्या वर आकडा गेला की तिथे पाणी येतंय असं समजायचं. भिंतीवर पेन्सिलने खुणा करून प्रत्येक खुणेजवळ आकडा लिहिला. वर जाईल तसा आकडा कमी होत गेला, पण अगदी छताजवळ पुन्हा वाढला. म्हणजे पाणी वरून आत शिरत होतं, सांगाड्याच्या खांबावरून खाली उतरत होतं आणि बाकाखाली साचत होतं. दिसतं एका जागी, शिरतं भलतीकडूनच. सर्व्हिस सेंटरने बहुतेक सगळं सीलंट फासलं होतं खिडकीला, कारण डागाच्या सर्वात जवळ खिडकी होती.

आणि कसं फासलं होतं! खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेच्या खाचेत पडलेलं पावसाचं पाणी त्यांतून बाहेर निचरून जातं. ती भोकं त्यांनी सीलंटने बंद केली होती. म्हणजे खाचेत पाणी भरणार आणि आतल्या बाजूला सांडणार. जिथून गळत नव्हतं तिथूनही गळण्याची सोय. खिडकीला वर आणि दोन्ही बाजूंना सीलंट लावायचं, ही भोकं कायम उघडी ठेवायची, हे मला दोन संध्याकाळी वाचून कळलं. रोज हेच काम करणाऱ्याला ते माहीत नसेल हे मी मान्य करणार नाही.

आता नेमकं भोक शोधायचं. ज्याला शक्य असेल त्याने हा प्रयोग करावाच. खिडक्या, दार, भट्टी आणि फ्रिजचे झरोके बंद केले, सिंकच्या नळ्यांत बोळे घातले. छतावरच्या एका व्हेंटला पुठ्ठा आणि टेप लावून त्यातून पानं उडवायचा ब्लोअर आत हवा सोडेल असा बसवला. ब्लोअर सगळ्यात कमी वेगावर, कारण नुसता थोडा दाब हवा असतो. मग बाहेरून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फवारत गेले. नवरा ब्लोअरजवळ, मी शिडीवर. खिडकीजवळ काहीच नाही. पुढच्या वरच्या कोपऱ्यात जो नारिंगी दिवा असतो, त्याच्या वरच्या कडेला बारीक बुडबुड्यांची रांग धरली, आणि त्याच्या शेजारी मोल्डिंग छतावरून वळून खाली उतरतं, तिथे सुपारीएवढा बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. मी शिडीवरूनच ओरडले. इतक्या दिवसांची ती ओल, आणि तिचा उगम डागापासून सहा फूट वर.

होजने बघायचं असेल तर खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचं, आणि एकेका जागी काही मिनिटं पाणी सोडायचं. वरूनच सुरुवात केली तर ओघळ सगळीकडून जातो आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर मात्र अजिबात नको. चांगल्या जोडातही तो पाणी घुसवतो.

त्या मोल्डिंगवर आधीच्या मालकाने सिलिकॉन लावलेलं होतं, आणि सर्व्हिस सेंटरने त्यावरच नवीन सीलंटचा पट्टा ओढला होता. सिलिकॉनवर काहीच धड चिकटत नाही, दुसरं सिलिकॉनसुद्धा नाही. वरचा नवा पट्टा मी नखाने एका टोकाला उचलला तर हातभर लांब सोलून आला, खालची बाजू चकचकीत गुळगुळीत. याचे मी पैसे मोजले होते. कोकणात आमच्याकडे आगोटीला कौलं चाळायचे तेव्हा फुटकं कौल काढून टाकायचे, त्याच्यावर नवं ठेवून कोणी खाली उतरायचं नाही. इथे ट्रेलरवर मात्र राजरोस तसंच करतात आणि बिलावर "रिसील" लिहितात.

सिलिकॉन काढण्याइतकं कंटाळवाणं काम या सगळ्यात दुसरं नाही. जाड थर सोलून निघतो, पण खाली न दिसणारा पातळ पापुद्रा राहतो आणि तोच घात करतो. हीट गनने हलकेच गरम करून प्लास्टिकच्या स्क्रेपरने खरवडलं. धातूचा स्क्रेपर घेतला तर पत्र्यावरचा रंग जातो. मग सिलिकॉन विरघळवणारं जेल लावून ठेवलं, पुसलं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. जेल आधी एखाद्या न दिसणाऱ्या जागी लावून रंगाला काही होत नाही ना ते बघा. झालं की नाही कसं ओळखायचं? पाण्याचा हलका फवारा मारायचा. पाणी पसरून सारखा ओला थर दिसला तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन उभे राहिले तर तिथे अजून सिलिकॉन आहे. पहिल्यांदा मला वाटलं झालं, फवारा मारला तर बोटभर पट्ट्यात टपोरे थेंब. परत जेल, परत पुसणं. खांदे भरून यायचे. पण एकदा सगळ्या कडेवर पाणी सारखं पसरलेलं दिसलं तेव्हा जे समाधान वाटलं, ते ट्रेलर विकत घेतल्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मोल्डिंगमधली व्हिनाइलची पट्टी ओढून काढली की स्क्रू दिसतात. वरचे गंजलेले होते, दोन तर पाना न लावता बोटांनी निघाले, आट्यांमध्ये काळा लाकडाचा भुगा. मोल्डिंगखालच्या जुन्या पुट्टी टेपचे (जोडात दाबायची मऊ पट्टी) वाळून तुकडे पडत होते. लाकडात सुई खुपसून बघितली. खांबाचा खालचा भाग मऊ. तेवढा कापून शेजारी नवं पाइन जोडलं. त्याआधी आत पंखा आणि डीह्युमिडिफायर लावून कोपरा पूर्ण सुकू दिला. मीटर 13 दाखवू लागला तेव्हाच बंद केलं. ओलं लाकूड आत कोंडून बाहेरून कितीही सील करा, ते आतून कुजत राहतं.

नंतरचं सोपं. मोल्डिंगच्या पाठीला ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी), स्टेनलेसचे थोडे लांब स्क्रू, हाताने कसलेले. दोन उन्हाळी दिवस गेल्यावर स्क्रू पुन्हा किंचित कसले, कारण ब्यूटिल उन्हात दबतं आणि कडेने बाहेर येतं. बाहेर आलेलं प्लास्टिकच्या सुरीने कापलं. मग वरच्या कडेला सिलिकॉन नसलेलं, न ओघळणारं सीलंट. नारिंगी दिव्याच्या पाठीलाही ब्यूटिल, आणि दिव्याच्या वर आणि बाजूंना सीलंट, खाली उघडं. खिडकीची भोकं टाचणीने मोकळी केली. हे सगळं 50 फॅरनहाइटच्या वर आणि सलग कोरड्या दिवसांत करा. आमच्याकडे म्हणजे मे संपताना. डायकोरवर काही तासांत साय धरते, पण आतपर्यंत मुरायला महिनाभर लागू शकतो, तेवढ्यात ते मऊ लागलं म्हणून घाबरू नका.

मीटरचे आकडे, सोललेल्या पट्ट्याचा आणि बंद केलेल्या भोकांचा फोटो असं सगळं मी सर्व्हिस सेंटरला लेखी पाठवलं. फोनवर ते ऐकत नव्हते, कागदावर ऐकलं. बरीच टोलवाटोलवी झाल्यावर मजुरीचे पैसे परत आले. तुमचं काम दुसऱ्याकडे द्यायचं असेल तर आधीच लिहून घ्या: मोल्डिंग काढणार का, जुनं सिलिकॉन काढणार का, काम झाल्यावर पाण्याची चाचणी करणार का. तिन्हींना हो म्हणत नसतील तर ट्रेलर तिथे ठेवू नका.

एक सांगायचं राहिलं. व्हिनाइलची नवीन पट्टी घेताना जुनीची रुंदी मोजून घ्या, पाऊण इंची आणि एक इंची दोन्ही येतात. ही पट्टी थंडीत आखडते, म्हणून ओढून ताणून बसवू नका आणि खालच्या टोकाला इंचभर जास्त सोडा, नाहीतर पुढच्या वसंतात सगळ्यात खालचा स्क्रू उघडा पडलेला असेल.